सोळास एक: एका आकड्याने गिळलेला जाहीरनामा

३७१.२५ ग्रेन (ग्रेन हे एक लहान वजन) शुद्ध चांदी म्हणजे एक डॉलर आणि २३.२२ ग्रेन शुद्ध सोनं म्हणजेही एक डॉलर, असं अमेरिकेचा जुना नाणेकायदा सांगत होता. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं की सोळाला जरासा कमी असा भागाकार येतो. १८९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत अख्खा देश या भागाकारावरून भांडला. चांदीवाल्यांच्या, म्हणजे या जुन्या दराने हवे तेवढे चांदीचे डॉलर पाडून मागणाऱ्यांच्या, मिरवणुकांत सोळा मुली पांढऱ्या पोशाखात आणि एक पिवळ्या पोशाखात असायची. बिल्ल्यांवर '१६ : १' एवढंच छापलेलं असे आणि ते कुणाला समजावून सांगावं लागत नसे. मतदान ७९ टक्क्यांच्या वर गेलं.

या निवडणुकीची गोष्ट सहसा दोन तऱ्हांनी सांगितली जाते. एकीत अडाणी शेतकऱ्यांना कर्ज बुडवण्यासाठी स्वस्त पैसा हवा होता आणि शहाण्या बँकवाल्यांनी देश वाचवला. दुसरीत गरिबांचा कैवारी धनदांडग्यांपुढे हरला. दोन्ही गोष्टी सोयीच्या आहेत आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. माझ्या मते शेतकऱ्यांनी रोग अचूक ओळखला होता, त्यावर बऱ्यापैकी औषधही त्यांच्यातल्याच लोकांनी तयार केलं होतं. पण ते औषध बिल्ल्यावर मावत नव्हतं. चांदी मावत होती. म्हणून चांदी पुढे आली आणि बाकी सगळं मागे पडलं.

आधी रोग. १८७५ ते १८९६ या काळात अमेरिकेतली किंमतपातळी दरवर्षी सरासरी १.७ टक्क्यांनी उतरत गेली. ऐकायला हे चांगलं वाटतं, कारण आपल्याला महागाईची सवय आहे. कर्जदाराच्या जागी उभं राहून हिशेब केला की चित्र उलटतं. गहू बुशेलला (धान्याचं एक माप) एक डॉलर असताना कुणी हजार डॉलरचं गहाण काढलं, तर ते हजार बुशेलचं कर्ज झालं. १८९० च्या दशकाच्या मध्यात गहू ५० सेंटांच्या आसपास आला. आता तेच मुद्दल फेडायला दोन हजार बुशेल लागतात. शेतकऱ्याने एक पैसा नव्याने उचलला नाही, एक हप्ता चुकवला नाही, तरी कर्ज दुप्पट. सावकाराने काही लबाडी केली असंही नाही. डॉलरच जड झाला.

तो जड का झाला, याचं उत्तर गूढ नव्हतं. १८७० साली देशाची लोकसंख्या ३.९ कोटींच्या आत होती, १८९० मध्ये ती ६.३ कोटींच्या आसपास गेली. शेती, रेल्वे, कारखाने त्याहून वेगाने वाढले. पैसा मात्र तिन्ही बाजूंनी बांधलेला होता. यादवी युद्धाच्या काळात छापलेल्या कागदी नोटा, म्हणजे ग्रीनबॅक, १८७८ च्या कायद्याने ३४ कोटी ६७ लाखांच्या आसपास गोठवल्या गेल्या. राष्ट्रीय बँकांना नोटा काढायच्या तर तेवढे सरकारी रोखे तारण ठेवावे लागत. सरकार युद्धाचं कर्ज फेडत गेलं तसे रोखे कमी झाले आणि १८८० च्या दशकात या बँकनोटा निम्म्याहून खाली आल्या. सरकार कर्जमुक्त होत होतं म्हणून देशात पैशाची टंचाई होत होती, असा हा मजेदार कारभार. तिसरी बाजू चांदीची. तिच्याकडे येऊच.

टंचाईचा मार सगळीकडे सारखा नव्हता. राष्ट्रीय बँक काढायला लहान गावातही ५०,००० डॉलरचं भांडवल लागे आणि या बँकांना जमिनीच्या तारणावर कर्ज देता येत नसे. शेतकऱ्याकडे तारण असायचं ते जमिनीचंच. राज्यांच्या बँका पूर्वी स्वतःच्या नोटा काढत, पण १८६५ च्या कायद्याने त्यांवर १० टक्के कर बसला आणि तो मार्ग मिटला. दक्षिणेत तर बँक हा प्रकारच विरळ होता. तिथे गावचा दुकानदार पेरणीपासून उधारीवर बियाणं, पीठ, खारवलेलं मांस द्यायचा आणि उभ्या कापसावर हक्क लिहून घ्यायचा. दुकानात दोन भाव असत, रोखीचा आणि उधारीचा. उधारीचा चौथाई ते निम्म्याने जास्त, वर कधी व्याज वेगळं. सुगीला कापूस बाजारात येई तेव्हा सगळ्यांचा एकदमच येई, भाव पडलेला असे, आणि हिशेब मिटायचा नाही. उरलेली बाकी पुढच्या वर्षीच्या पिकावर.

मराठी वाचकाला हे वर्णन ओळखीचं वाटलं तर तो योगायोग नाही. अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेचा कापूस अडला, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच तो कोसळला, आणि वाढीव सारा व सावकाराची बाकी यांच्या कात्रीत सापडलेल्या कुणब्यांनी मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात कर्जखतं जाळली. त्यानंतर दोन वर्षांनी टेक्ससमधल्या लॅम्पसस परगण्यात शेतकऱ्यांची पहिली अलायन्स, म्हणजे संघटना, उभी राहिली. एकाच कापूसबाजाराची ही दोन टोकं होती.

आता चांदी. १८३४ साली अमेरिकेने टांकसाळीचं गुणोत्तर सोळाच्या आसपास आणलं, पण युरोपात ते साडेपंधरा होतं. म्हणजे अमेरिकेच्या टांकसाळीत चांदीची किंमत बाजारापेक्षा कमी धरलेली. साहजिकच कुणी चांदी टांकसाळीत नेत नव्हतं. डॉलरभर चांदी बाजारात डॉलरपेक्षा जास्तीला विकत असेल तर तिचं नाणं पाडून घेणारा मूर्खच. देश कागदावर दोन धातूंचा, व्यवहारात सोन्याचा झाला. १२ फेब्रुवारी १८७३ च्या नाणेकायद्यातून चांदीचा डॉलर वगळला गेला तेव्हा फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. पण त्याच सुमारास जर्मनीने सोनं स्वीकारून जुनी चांदी विकायला काढली, नेवाडाच्या खाणींतून चांदी ओसंडू लागली आणि भाव घसरला. टांकसाळीचा दर औंसाला १.२९ डॉलर. १८९६ मध्ये बाजारात औंस ६८ सेंटांच्या आसपास. जुना कायदा असता तर लोक चांदी घेऊन टांकसाळीपुढे रांगा लावते.

इथून 'त्र्याहत्तरचा गुन्हा' हा शब्दप्रयोग जन्मला. लंडनहून कुणी बँकर लाच घेऊन आला आणि त्याने काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, विकत घेतलं, अशी कहाणी गावोगाव पोचली. तिच्यात ज्यूद्वेषाचीही फोडणी होती. कहाणी खोटी होती. चांदीचा डॉलर बंद होणार हे कायद्याच्या मसुद्यासोबतच्या सरकारी अहवालात उघड लिहिलेलं होतं. पण 'गुन्हा नव्हता' म्हणजे 'निष्पाप' असंही नाही. चांदी पडणार याचा अंदाज टांकसाळ खात्यातल्या जाणकारांना होता आणि त्यांनी त्या दृष्टीनेच पाऊल उचललं. ज्या निर्णयाचा पुढच्या दोन दशकांच्या प्रत्येक कर्जखतावर परिणाम होणार होता, तो जाणकारांनी आपसात उरकला. कारस्थानाच्या कहाण्या अशाच मोकळ्या जागेत रुजतात.

मग आल्या तडजोडी, आणि त्या दोन्ही बाजूंना नडल्या. १८७८ च्या ब्लँड-ॲलिसन कायद्याने अर्थखात्याला दरमहा २० ते ४० लाख डॉलरची चांदी विकत घ्यायला लावली. १८९० च्या शर्मन कायद्याने ती दरमहा ४५ लाख औंसांवर नेली आणि मोबदला नव्या ट्रेझरी नोटांत द्यायचं ठरलं. या नोटा सोन्यात किंवा चांदीत वटवता येत, निवड सरकारची होती, पण चांदी दिली असती तर बाजारात घबराट उडाली असती, म्हणून व्यवहारात सोनंच द्यावं लागे. आता यंत्र कसं बिघडलं ते पाहा. कुणीतरी नोट घेऊन येतो, सोनं घेऊन जातो. सरकार ती नोट पगारात किंवा खरेदीत पुन्हा बाहेर काढतं. ग्रीनबॅक तर कायद्यानेच पुन्हा चलनात सोडाव्या लागत. तीच नोट परत येते, पुन्हा सोनं जातं. याला तिथे 'न संपणारी साखळी' म्हणत. सोन्याचा साठा १० कोटी डॉलरखाली जाऊ द्यायचा नाही असा संकेत होता. एप्रिल १८९३ मध्ये तो मोडला.

साठा भरायला सरकारने रोखे विकून सोनं घ्यायचं ठरवलं. रोखे घेणाऱ्यांपैकी काहींनी काय केलं? नोटा गोळा करून अर्थखात्यातून सोनं काढलं आणि तेच सोनं देऊन रोखे घेतले. एका खिडकीतून नेलेलं दुसऱ्या खिडकीत भरलं. फेब्रुवारी १८९५ मध्ये साठा तळाला गेल्यावर अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी मॉर्गन आणि बेलमाँट या बँकरांच्या गटाशी खासगी करार केला. ३५ लाख औंस सोनं, त्यातलं निम्मं युरोपातून. गटाने शंभराचे रोखे १०४.५ ने घेतले आणि लोकांना ११२.२५ ने विकले. सुवर्णमान, म्हणजे डॉलर सोन्यात वटवून देण्याची हमी, टिकला. पण देशाची पत राखण्याची दलाली कुणाच्या खिशात गेली हे कॅन्ससच्या शेतकऱ्याला समजावायला यापुढे कुठल्याही पुस्तिकेची गरज उरली नाही.

या सगळ्यात मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींचाही हात आहे, आणि अमेरिकन कथनांत तो एका ओळीत उरकला जातो म्हणून जरा थांबतो. तोवर हिंदुस्थानात कुणीही चांदी टांकसाळीत द्यावी आणि घडणावळ कापून रुपये घ्यावेत अशी मुभा होती. चांदी पडली तसा रुपयाही पडला. १८७३ पूर्वी दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया १८९३ पर्यंत सव्वा शिलिंगाखाली गेला. हिंदुस्थान सरकार कर वसूल करी रुपयांत, आणि लंडनला निवृत्तिवेतनं, व्याज, रेल्वेचे हमीपैसे भरी पौंडांत. त्यात भर म्हणजे अमेरिका शर्मन कायदा कधीही रद्द करील ही धास्ती. शेवटी २६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. चांदीचं जगातलं एक मोठं गिऱ्हाईक बाजारातून उठलं आणि काही दिवसांत भाव जवळपास पाचव्या हिश्श्याने खाली आला. इकडे खेड्यातल्या बायकांच्या अंगावरचे वाळे-गोठ आता टांकसाळीत नेऊन रुपये होणार नव्हते. सराफ देईल त्या पडेल भावाने विकायचे. तिकडे चारच दिवसांनी, ३० जूनला, क्लीव्हलंड यांनी शर्मन कायदा रद्द करण्यासाठी काँग्रेसचं खास अधिवेशन बोलावलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या जबड्यातली गाठ एका नौकेवर गुपचूप शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. गुपचूप का? कारण उपाध्यक्ष स्टीव्हन्सन चांदीवाल्यांकडे झुकलेले होते, आणि अध्यक्षांना कर्करोग आहे हे कळतं तर सोन्याची पळापळ आणखी वाढली असती. पूर्ण हकिगत बाहेर यायला १९१७ उजाडलं. एका माणसाच्या टाळूवर देशाचं चलन टेकलेलं असणं, हे चलनव्यवस्थेच्या मजबुतीचं लक्षण खचितच नव्हे. कायदा १ नोव्हेंबरला रद्द झाला. त्याच वर्षी सुरू झालेली मंदी मात्र हटली नाही, उलट चिघळली, आणि चांदी रद्द केली की विश्वास परतेल हा सोनेवाल्यांचा दावा त्यांच्याच डोळ्यांदेखत पडला. हे त्यांनी पुढे कधी फारसं कबूल केलं नाही.

आता त्या औषधाकडे वळू. 'पॉप्युलिस्ट' हे मुळात एका पक्षाचं नाव आहे. शेतकऱ्यांच्या अलायन्समधून उभ्या राहिलेल्या पीपल्स पार्टीच्या माणसांना ते पडलं. मराठीत आपण त्याचं 'लोकानुनयवादी' केलं, म्हणजे लोकांना गोड लागेल ते बोलणारा. मूळ मंडळींवर हा अन्याय आहे. ४ जुलै १८९२ रोजी नेब्रास्कातल्या ओमाहात मंजूर झालेल्या त्यांच्या जाहीरनाम्यात चढत्या दराचा प्राप्तिकर होता, टपाल बचत बँका होत्या, रेल्वे आणि तारखातं सरकारी मालकीचं करण्याची मागणी होती, सोबतच्या ठरावांत गुप्त मतदान आणि सिनेटरांची थेट निवडणूक होती. चांदीची मुक्त नाणेपाडणी ही त्यातली एक बाब. जेम्स वीव्हर यांना त्या वर्षी दहा लाखांहून जास्त मतं आणि २२ इलेक्टोरल मतं (अध्यक्ष निवडणाऱ्या राज्यवार प्रतिनिधींची मतं) मिळाली. तिसऱ्या पक्षासाठी ही लहान गोष्ट नव्हती.

त्या जाहीरनाम्यातली माझ्या लेखी सर्वांत मोलाची बाब म्हणजे सब-ट्रेझरी योजना. अलायन्सचे नेते चार्ल्स मकून यांनी ती डिसेंबर १८८९ मध्ये सेंट लुईसच्या बैठकीत अलायन्सपुढे आणली. ज्या परगण्यात वर्षाला पाच लाख डॉलरहून जास्त शेतमाल विकला जातो तिथे सरकारने गोदाम बांधायचं. शेतकऱ्याने कापूस, गहू, मका, तंबाखू असा टिकाऊ माल तिथे ठेवायचा. मालाची प्रत ठरवून पावती द्यायची आणि स्थानिक बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम नव्या सरकारी नोटांत उसनी द्यायची. व्याज वर्षाला १ टक्का, शिवाय साठवण आणि विम्याचा खर्च. ओमाहाच्या जाहीरनाम्यात व्याजाची मर्यादा २ टक्के झाली. शेतकरी ती पावती भाव चढल्यावर विकू शके. माल वर्षभरात सोडवला नाही तर लिलाव, आणि वसूल झालेल्या नोटा चलनातून बाद.

आपल्याकडे बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवून तारण कर्ज काढणाऱ्याला यात काही क्रांतिकारक दिसणार नाही. पण हे फक्त तारण कर्ज नव्हतं. सुगीला माल येतो तेव्हा पैसा वाढतो आणि माल खपतो तसा पैसा आटतो, असं हे चलन होतं. अमेरिकेची खरी दुखरी नस हीच होती. दर शरद ऋतूत पीक हलवायला पश्चिमेला रोकड लागे, ती न्यूयॉर्कच्या बँकांतून ओढली जाई, व्याज भडके, आणि एखादी मोठी कंपनी त्याच वेळी बसली की पळापळ सुरू. चांदी कितीही पाडली तरी हा हंगामी ताण सुटणारा नव्हता, कारण खाण काही सुगी पाहून चालत नाही.

योजना निर्दोष होती असं म्हणणार नाही. पाच लाखांच्या अटीमुळे गरीब परगणे बाहेर राहत होते. वाटेकऱ्याच्या कापसावर आधीच दुकानदाराचा हक्क लिहिलेला असे, तो गोदामात माल ठेवणार कसा? सुगीनंतर भाव चढण्याऐवजी पडले असते तर ८० टक्के उचल सरकारच्या गळ्यात आली असती. प्रत ठरवणाऱ्या अधिकाऱ्याची नेमणूक कोण करणार, यावर तर गावोगाव मारामाऱ्या झाल्या असत्या. हे सगळे प्रश्न सुटण्याजोगे होते, पण त्यासाठी विधेयकाची कलमं भांडून भांडून घासावी लागली असती. सभेत सांगायला ही योजना अर्धा तास घेई. 'सोळास एक' ला एक श्वास पुरे.

शिवाय चांदीच्या पाठीशी पैसा होता आणि सिनेट होतं. १८८९-९० मध्ये उत्तर व दक्षिण डकोटा, मोंटाना, वॉशिंग्टन, आयडाहो आणि वायोमिंग ही सहा नवी राज्यं संघात आली. विरळ वस्तीची, पण प्रत्येकी दोन सिनेटर. त्यातल्या खाणपट्ट्यांतल्या मालकांना गहाणखतांशी देणंघेणं नव्हतं. त्यांना ६८ सेंटांचा माल १.२९ ला घेणारं सरकारी गिऱ्हाईक हवं होतं. हेन्री डेमारेस्ट लॉइड हे पॉप्युलिस्ट पक्षातलेच विचारवंत. त्यांनी चांदीला दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालणाऱ्या काऊबर्डची उपमा दिली. आपल्याकडे त्यासाठी कावळ्याचं घरटं आणि कोकिळा आहेच. पिल्लू मोठं झालं आणि मूळची अंडी खाली गेली.

ती कशी गेली, याचाही हिशेब मांडण्यासारखा आहे. पॉप्युलिस्ट नेत्यांनी १८९६ चं आपलं अधिवेशन मुद्दाम दोन्ही मोठ्या पक्षांनंतर ठेवलं. अंदाज असा की दोघेही सोन्याच्या बाजूने जातील आणि नाराज चांदीवाले आपल्याकडे येतील. रिपब्लिकनांनी जूनमध्ये सेंट लुईसला सोनं धरलं आणि कोलोरॅडोचे सिनेटर टेलर सभात्याग करून बाहेर पडले. इथवर अंदाज बरोबर. पण जुलैत शिकागोला डेमोक्रॅटांनी आपल्याच अध्यक्षाला, क्लीव्हलंड यांना, बाजूला सारून चांदी उचलली. ९ जुलैला नेब्रास्काचे ३६ वर्षांचे विल्यम जेनिंग्ज ब्रायन बोलले. शहरं जाळा आणि शेतं राखा, शहरं पुन्हा उभी राहतील. शेतं नष्ट करा, मग प्रत्येक शहराच्या रस्त्यात गवत उगवेल, हा त्यातला मुद्दा, आणि शेवटी माणसाला सोन्याच्या क्रुसावर चढवू नका हे आवाहन. पाचव्या फेरीत ते उमेदवार झाले. दोन आठवड्यांनी जमलेल्या पॉप्युलिस्टांपुढे दोनच वाटा उरल्या: वेगळा उमेदवार देऊन चांदीची मतं फोडायची, किंवा ब्रायन यांच्यात विरून जायचं. ते विरले. स्वाभिमानापुरता जॉर्जियाच्या टॉम वॉटसन यांना वेगळा उपाध्यक्षपदाचा उमेदवार केलं, कारण डेमोक्रॅटांचे आर्थर सूअल हे बँकर आणि जहाजमालक होते. ब्रायन यांच्या सभांत सब-ट्रेझरीचं नाव निघालं नाही.

समजा ब्रायन जिंकले असते. मुक्त नाणेपाडणी सुरू होताच ५३ सेंटांची चांदी देऊन डॉलर मिळाला असता. अशा वेळी सोन्याचा डॉलर कोण खर्च करील? सोनं तिजोऱ्यांत आणि परदेशी गेलं असतं आणि देश चांदीच्या मानावर आला असता. चांदीवाले म्हणत की टांकसाळीच्या मागणीने चांदीचा भावच १.२९ पर्यंत चढेल. थोडा चढला असता हे खरं. पण हिंदुस्थानच्या टांकसाळी नुकत्याच मिटलेल्या आणि युरोप सोन्यावर गेलेला असताना एकट्या अमेरिकेने तिसाच्या वर गेलेलं गुणोत्तर सोळावर ओढून धरणं अवघडच होतं. त्याआधी परदेशी गुंतवणूकदारांनी अमेरिकन रोखे विकले असते, ठेवीदारांनी बँकांतून सोनं काढलं असतं. म्हणजे फायदा यायचा तेव्हा येवो, फटका पहिल्याच महिन्यात. आणि बऱ्याच गहाणखतांत, रोख्यांत परतफेड सोन्याच्या नाण्यातच करायची असं कलम होतं. त्या कर्जदारांचं ओझं हलकं न होता दुप्पट झालं असतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

कामगाराचं काय, हा प्रश्न चांदीवाल्यांनी नीट हाताळलाच नाही. चलन पडलं की निर्यातदार शेतकऱ्याला स्थानिक पैशात जास्त मिळतात, पण मजुरी किमतींच्या मागून लंगडत येते. तीन दशकांनी रुपयावरच्या आपल्या प्रबंधात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमकं हेच बोट ठेवलं: पडत्या विनिमयदराने निर्यातदाराला जे मिळतं ते देशाबाहेरून येत नाही, ते देशातल्याच मजुराच्या ताटातून जातं. १८९६ च्या ओहायोतल्या लोहकामगाराने हा युक्तिवाद वाचलेला असणं शक्य नव्हतं, पण मत देताना त्याने तोच केला. मालकांनी 'ब्रायन आले तर सोमवारी गेट बंद' अशा धमक्या दिल्या हे खरं आहे. तरीही सगळं श्रेय धमकीला देणं म्हणजे त्या कामगाराला बुद्धीच नव्हती असं धरणं.

आणि धमकी हेही लोकानुनयाचंच दुसरं अंग. सोनेवाल्यांनी आपल्या बाजूला 'प्रामाणिक पैसा' म्हटलं, जणू दरवर्षी जड होत जाणारा डॉलर कर्जदाराशी प्रामाणिक होता. प्रचारप्रमुख मार्क हॅना यांनी रिपब्लिकन प्रचारासाठी सुमारे ३५ लाख डॉलर उभे केले. बँकांवर भांडवलाच्या पाव टक्का अशी जवळपास पट्टीच बसवली. स्टँडर्ड ऑइलने अडीच लाख दिले. ब्रायन यांच्याकडे याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. वीस कोटींच्या घरात पत्रकं छापली गेली, तीही अनेक भाषांत. रिपब्लिकन उमेदवार मॅकिन्ले ओहायोतल्या कँटनमधल्या घराच्या ओसरीवरून उठले नाहीत. रेल्वे कंपन्यांनी सवलतीच्या दरात साडेसात लाख माणसं त्यांच्या अंगणात आणून सोडली. ब्रायन १८,००० मैल हिंडले, दिवसाला कधी कधी वीस-वीस भाषणं. न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मात्र ऑगस्टच्या उकाड्यात त्यांनी भाषण कागदावरून वाचलं आणि लोक मध्येच उठून गेले. पूर्वेकडच्या शहरांना जिंकायचा तो मोठा प्रयत्न, तोही असा.

निकाल: मॅकिन्ले ५१ टक्के आणि २७१ इलेक्टोरल मतं, ब्रायन ४६.७ टक्के आणि १७६. ब्रायन यांना ईशान्येतलं एकही राज्य नाही. महासरोवरांकाठचं एकही नाही. आयोवा, मिनेसोटा, उत्तर डकोटा ही शेतीची राज्यंही गेली. तिथे शेवटच्या आठवड्यांत एक गोष्ट घडली होती: गव्हाचा भाव चढला. कारण हिंदुस्थानात पाऊस दगा देऊन गेला होता आणि इथला गहू जगाच्या बाजारात येणार नव्हता. पुढे मुंबई इलाख्यासह देशभर ज्या दुष्काळाने माणसं मेली, त्याची पहिली चाहूल शिकागोच्या धान्यबाजाराला लागली होती. भाव पडण्याचं कारण सोनं आहे, असं ब्रायन सांगत फिरत होते. सोनं जागच्या जागी असताना भाव चढताना शेतकऱ्याने पाहिले.

पुढची किंमतवाढ मात्र खाणीनेच आणली, फक्त ती चांदीची नव्हती. दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या गरीब खनिजातून सायनाइडच्या प्रक्रियेने सोनं काढणं परवडू लागलं. कोलोरॅडो आणि क्लॉन्डाइकची भर पडली. पैसा वाढला, १८९६ नंतर किमती चढू लागल्या. पैसा वाढला की किमती चढतात, हा पॉप्युलिस्टांचा पैशाच्या परिमाणाचा सिद्धांत खरा ठरला आणि त्यामुळेच त्यांचा पक्ष संपला. १९०० मध्ये सुवर्णमान कायद्याने पक्का झाला.

सर्वांत मोठी किंमत दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांनी मोजली. पॉप्युलिस्ट चळवळीने काही काळ, कचरत का होईना, गोऱ्या आणि काळ्या कर्जबाजारी शेतकऱ्यांना एका बाजूला आणलं होतं. उत्तर कॅरोलायनात रिपब्लिकनांशी युती करून सत्ताही मिळवली होती. १८९६ ला डेमोक्रॅटांच्या, म्हणजे दक्षिणेत गोऱ्या वर्चस्वाच्या पक्षाच्या, दावणीला गेल्यावर हा धागा तुटला. १८९८ मध्ये विल्मिंग्टनमध्ये सशस्त्र जमावाने निवडून आलेली नगरसत्ता उलथली आणि पुढच्या काही वर्षांत राज्यामागून राज्यांनी काळ्यांचा मताधिकार कलमं लावून काढून घेतला. त्याच टॉम वॉटसन यांनी नंतर वंशद्वेषाचा धंदा मांडला.

ओमाहाच्या यादीतला प्राप्तिकर आणि सिनेटरांची थेट निवडणूक १९१३ मध्ये घटनेत आली. सब-ट्रेझरीच्या गोदामांचा सौम्य अवतार १९१६ च्या गोदाम कायद्यात सापडतो. १९१३ मध्येच फेडरल रिझर्व्हचा कायदा झाला तेव्हा ब्रायन परराष्ट्रमंत्री होते. नव्या नोटा खासगी बँकांच्या नव्हे, सरकारच्या जबाबदारीच्या असाव्यात यासाठी ते अडून बसले आणि ते त्यांनी मिळवलं. त्या कायद्यात व्यापारी हुंड्यांना ९० दिवसांची मुदत होती, शेतीच्या आणि जनावरांच्या कर्जकागदांना सहा महिन्यांची. म्हणजे पेरणी ते सुगी. चांदीचं गुणोत्तर त्यात कुठेच नव्हतं, आणि नोटा वटवायच्या होत्या सोन्यात.